तीसच्या पुढं न जाणारा काटा

जुन्या गाडीचा मीटर मूळचा आहे की मागाहून बसवलेला, हे बघायला लोक आधी त्याच्या काचेवर वाकतात. मी कधी वाकलो नाही. मी आधी शेजारचे मीटर बघतो. एका डॅशबोर्डावरचे मीटर म्हणजे एका घरातली भावंडं. ऊन त्यांनी सारखंच खाल्लेलं असतं, आणि सोलापूरचं ऊन कुणाला कमी-जास्त वाढत नाही. पांढऱ्या तबकड्या चहाच्या रंगाला येतात, काळ्या राखेच्या. चौघं पिकलेले आणि एकटाच गोरा राहिलेला दिसला, की समजायचं, हा पाहुणा आहे. त्यानंतर स्क्रूच्या खाचा बघायच्या. त्यानंतर आकड्यांचं वळण. इंग्रजी मला तेव्हा येत नव्हतं आणि आजही धड येत नाही, पण वळण ओळखायला वाचता यावं लागतं असं थोडंच आहे? एका कारखान्याचा तीन पोट सुटलेला असतो, दुसऱ्याचा सडपातळ. डोळे असले की झालं.

माझी शाळा तिसरीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. मास्तरांनी दुसऱ्याच्या खोडीसाठी मला मारलं, मी दप्तर तिथंच ठेवून घरी आलो, ते परत गेलोच नाही. वडिलांनी पट्टा काढला, आईनं रडून घेतलं, मास्तर स्वतः घरी आले. नाही म्हणजे नाही. पुढं सात रस्त्याजवळ मोटारींचे मीटर दुरुस्त करणारे एक उस्ताद होते, त्यांच्या हाताखाली लागलो. ते गेल्यावर गाळा मी चालवायला घेतला. सोलापुरात वेगाचा काटा उघडून परत चालू करणारा तेव्हा मी एकटा होतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. होतोच एकटा.

ही गोष्ट सत्तरच्या पुढच्या सालातली. लोकांना तोवर जुन्या मोटारी म्हणजे अडगळ वाटायची. पण मुंबईच्या बाजूला बड्या लोकांना त्यांचं वेड लागलं होतं. जुन्या गाड्या धुऊनपुसून रस्त्यानं मिरवायच्या, आणि परीक्षक बसून बघणार की कुठला भाग कारखान्यातनं आला तसाच आहे. आमच्या गावात एका डाळीच्या व्यापाऱ्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची विलायती गाडी होती. घराणं लिंगायत, घरात कानडी, पेढीवर मराठी. थोरले शेठ दोनेक वर्षांमागं गेले होते. धाकटे मालक, म्हणजे त्यांचा मुलगा, इंजिनियर होऊन आला होता. त्याला ती गाडी मुंबईला न्यायची होती.

एका सकाळी तोच गाळ्यावर आला. स्टुलावर बसला नाही, उभा राहूनच बोलला.

"मिस्त्री, आमच्या गाडीचा स्पीडचा मीटर बघायचाय. तो गाडीबरोबरचा नाही."

"कोण म्हणतंय?"

"मुंबईचे एकजण येऊन बघून गेले. स्क्रू उघडलेले आहेत म्हणाले. आणि मला स्वतःला ठाऊक आहे. टेंभुर्णीपर्यंत मी एकटा चालवत गेलो. काटा तीसवर आणि मी एसटीला मागं टाकतोय. तीस मैलानं एसटी मागं पडते?"

मुलगा हुशार होता. त्यानं बघितलं ते बरोबरच बघितलं होतं. पण त्यावरनं त्यानं जे ठरवलं, ते माझ्या कानाला बरं वाटलं नाही. गाडीवर एकच ड्रायव्हर, थोरल्या शेठच्या तरुणपणापासनंचा. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. किल्ली त्याच्याकडे, गॅरेज त्याच्याकडे. तेव्हा मूळचा मीटर त्यानंच काढून विकला आणि भंगारातला बसवला, असं धाकट्या मालकानं धरलं होतं. चाचाला सांगितलं होतं, खरं काय ते कळेपर्यंत कामावर येऊ नका.

"त्यांना विचारलंत?" मी म्हणालो.

"विचारलं. मीटर बदललाय का, तर म्हणाले नाही. मग काटा खोटा का, तर गप्प. मान खाली. मिस्त्री, माणूस खरा असता तर बोलला नसता?"

चाचाचं वय झालं होतं. दुसरीकडे त्याला कोण ठेवणार? आणि नोकरीचं एक वेळ राहू दे, चोर म्हणून ज्याला दारातनं घालवलं त्यानं गावात फिरायचं कसं? मी म्हणालो, "मालक, मी बघतो. पन मीटर जे सांगंल तेच मी सांगनार. तुमच्या बाजूनं न्हाय, त्यांच्या बाजूनं न्हाय."

"तेच पाहिजे," तो म्हणाला.

दुपारी त्यांच्याकडे गेलो. गाडी अंगणात लिंबाखाली काढून ठेवलेली. ओट्यावर खुर्ची टाकून शेठची बायको बसली होती. घरातले, नोकर, बाजारातले, सगळे तिला अव्वा म्हणत. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात कसलीशी शेंग सोलायला घेतलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मिस्त्री, गाडी मोडू नगो हं. मला वळसंगला जायचं असतंय." वळसंगला त्यांची शेती. दर अमावास्येला ती तिकडं जायची, आणि चाचाशिवाय दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायची नाही. चाचा का येत नाही हे तिला नीट सांगितलेलं नव्हतं. आजारी आहे म्हणाले होते.

मी दार उघडून आत बसलो आणि काही न करता नुसतं बघत राहिलो. लाकडी डॅशबोर्ड, त्यात पाच गोल. वेगाचा, पेट्रोलचा, ऑइलचा, बॅटरीचा, आणि घड्याळ. पाचही तबकड्या एका रंगाच्या, दुधाचा चहा जरा जास्त उकळल्यासारख्या. पाचांचे आकडे एका हातचे. त्या घरात दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची तेव्हा प्रत्येक मीटरला बोटांनी विभूती लावायचे. पुसली तरी ती काचेभोवतीच्या कड्याच्या खाचेत राहतेच. अशी वर्षानुवर्षांची राख पाचही कड्यांत बसून दगडासारखी झालेली. नखानं निघेना. अलीकडे बसवलेल्या मीटरला एवढी राख कुठनं येणार?

पण स्क्रूच्या खाचा खरंच उघडलेल्या होत्या. वेगाच्या मीटरच्याच. बाकीच्या चार मीटरांना कुणी हात लावलेला नव्हता.

मी धाकट्या मालकाला म्हणालो, "चला, फिरवून आनू."

पुण्याच्या रस्त्याला लागलो. तो चालवत होता, मी शेजारी. वेगाच्या मीटरात दोन कामं असतात. एक काटा, गाडी किती जोरात चाललीय ते सांगणारा. दुसरी खाली आकड्यांची पट्टी, गाडी किती मैल चालली ते मोजणारी. काटा एका बारीक स्प्रिंगवर चालतो. मैलांची पट्टी चालते दातांच्या चाकांवर, आणि ती चाकं त्या त्या गाडीच्या मापाची असतात. दुसऱ्या गाडीचा मीटर आणून बसवला तर मैल चुकणारच. मी रस्त्याकडेचे दगड मोजायला लागलो. दगड किलोमीटरचे, पट्टी मैलांची, पण आठ दगडांना पाच मैल हा हिशेब मोटारवाल्यांच्या तोंडी होता. पाच मैल झाले आणि आठवा दगड खिडकीतनं गेला. पुढच्या आठालाही तसंच.

"बघितलंत?" मी म्हणालो. "मैल बरोबर हायत. काटा तेवढा खोटा."

त्यानं गाडी बाजूला घेतली. "म्हणजे मीटर ह्याच गाडीचा?"

"तसं वाटतंय. पन उघडल्याशिवाय मी बोलनार न्हाय."

"अहो, आता बोललात की!"

"वाटतंय म्हणालो. हाय म्हणालो न्हाय."

मीटर काढून गाळ्यावर आणला. कडं सैल करायला ती राख आधी सुईनं उकरावी लागली. तबकडी उचलली, आणि काट्याच्या मुळाशी बघितलं तर मूळची स्प्रिंग नव्हतीच. तिच्या जागी जाड, ताठ स्प्रिंग घातलेली. काट्याला फिरायला जोर जास्त लागणार, म्हणजे तो कमी फिरणार. मालक काटा तीसवर असताना एसटीच्या पुढं गेला यात नवल नव्हतं. आणि त्या स्प्रिंगच्या सांध्यावर लाखेचा लाल थेंब होता.

मी भिंग खाली ठेवलं. बांगड्यांच्या लाखेचा असा थेंब माझे उस्ताद लावायचे. आपण केलेलं काम पुढं दुसऱ्या कुणी उघडलं तर कळावं म्हणून. थेंब तुटलेला नव्हता. म्हणजे हे काम उस्तादांचं, मी त्यांच्याकडे लागायच्या आधीचं, आणि त्यानंतर आत कुणाचा हात गेला नव्हता. माझा उस्ताद मीटर बिघडवणारा माणूस नव्हता. मग चांगल्या चाललेल्या काट्याला त्यांनी मुद्दाम मंद का केलं? ते विचारायला ते हयात नव्हते. चाचा होता.

विजापूर वेशीच्या आतल्या बाजूला चाचाची खोली. तो खाटेवर बसून कंदिलाची काच पुसत होता. मी कागदाची पुडी उलगडली आणि मीटरातनं काढलेली ती स्प्रिंग त्याच्या पुढ्यात धरली. त्यानं चष्मा लावला. लाल थेंब बघितला आणि हसायलाच लागला, खोकला येईस्तोवर.

"तेरे उस्ताद का हात," तो म्हणाला. "मरके भी पकडाया बुढ्ढा."

"चाचा, ह्ये काय हाय?"

"बैठ. चाय पी."

चहा आला. मग त्यानं सांगितलं. अव्वाचा धाकटा भाऊ जवानीत मोटार उलटून गेला होता. तेव्हापासनं ती गाडीत बसली की मागच्या सीटवरनं पुढं वाकून काट्याकडे बघत राहायची. काटा तीसच्या पुढं सरकला की तिचा हात चाचाच्या खांद्यावर. "निधान होगप्पा, निधान!" सावकाश जा बाबा, सावकाश. घाम फुटायचा तिला, ओठ पांढरे पडायचे. शेठला मात्र सावकाशीचा कंटाळा. वळसंगहून परतताना त्यांना सकाळच्या सौद्याला बाजारात पोचायचं असायचं. दर खेपेला गाडीत भांडण. एके दिवशी शेठ उस्तादांकडे गेले आणि म्हणाले, काटा असा करून द्या की गाडी पन्नासनं गेली तरी तो तीसच दाखवील.

"उसके बाद देख," चाचा म्हणाला, "अव्वा पीछे आराम से बैठती थी. शेंगा खाती. गाना बोलती कानडी में. शेठ मेरेकू आरसे में देखके आंख मारते."

"मग ह्ये धाकट्या मालकाला सांगायचं की! चोर म्हणतोय त्यो तुमाला."

"शेठ ने जबान ली थी मेरी. अव्वा कू मालूम नै होना. छोटे मालिक कू बोलूं तो शाम तक अव्वा के कान में जाता. तू भी किसीकू बोलना नै."

मी कपातला चहा संपवला. हो म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही. चहा पिणं म्हणजे शब्द देणं नव्हे. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "सुनताय ना मिस्त्री?" मी चप्पल घातली.

रस्त्यानं येताना मी तो विचार सगळ्या बाजूंनी उलटापालटा केला. धाकट्या मालकाला नुसतं 'मीटर अस्सल' एवढंच सांगितलं असतं तर तो पुढं विचारणारच, की आतली स्प्रिंग कुणी बदलली? तिथं मी गप्प बसलो की मान खाली घालणारे दोघं झालो. चाचा तसाच घरी. आणि माहीत नाही असं सांगायचं, तर ते माझ्या तोंडातनं निघणारं नव्हतं. मीटरच्या बाबतीत मी कुणाला माहीत नाही म्हणालेलो नाही. त्याला वाटेल ते म्हणा.

दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन गेलो. अव्वा ओट्यावरच होती. मला वाटलं होतं धाकट्या मालकाला बाजूला घेऊन सांगावं, पण त्यानं अंगणातच विचारलं.

"काय मिस्त्री, अस्सल की नक्कल?"

"अस्सल. कारखान्यातनं गाडीबरोबर आलेला."

"मग काटा?"

"आतली स्प्रिंग बदललेली हाय. माझ्या उस्तादानं. तुमच्या वडिलांच्या सांगण्यावरनं."

"बाबांच्या? कशासाठी?"

मी ओट्याकडे बघितलं. मुलगा हुशार होता म्हणालो ना, त्यानंही तिकडं बघितलं. अव्वाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"माझ्यासाठी व्हय?" ती म्हणाली.

मग मी सांगितलं. लपवाछपवी न करता, पहिल्यापासनं सांगितलं. ड्रायव्हरनं दिलेला शब्द, त्यापायी त्यानं अंगावर घेतलेलं चोराचं नाव, सगळं. अव्वा ऐकत होती.

"काटा तीसवर असताना गाडी कितीनं जायची?" तिनं विचारलं.

"पन्नासनं, अव्वा."

"आनि मी शेंगा खात होते."

"व्हय."

धाकटा मालक म्हणाला, "अव्वा, होगली बिडु." जाऊ दे, सोड.

"काय सोड? एवढी वर्षं दोघांनी मला मागं बसवून फसवलं. आता भांडू कुणाशी? एक तर गेला निघून." पदर डोळ्याला लावला तिनं, मग झटकन काढला. "दुसरा हाय की. बोलव त्याला. आत्ता बोलव."

"मी निरोप धाडतो..."

"निरोप न्हाय. तू जा. चोर तू म्हणालास, तू जाऊन आन. आजारी हाय म्हणून सांगितलंस मला. तू पन त्यांच्यातलाच की!"

मालक स्वतः गेला. मी डॅशबोर्डाशी वाकून बाकीच्या मीटरांच्या तारा तपासत राहिलो. खरं म्हणजे तिथं मला काम नव्हतं, पण शेवट बघितल्याशिवाय जायचं नव्हतं. तासाभरानं दोघं आले. चाचानं धुतलेला सदरा घातला होता. मालकानं त्याच्या घरी काय म्हटलं ते मला ठाऊक नाही, पण दोघांचे चेहरे नरम होते. चाचा ओट्याखाली उभा राहिला आणि अव्वा सुरू झाली. कानडीत. मला कानडी अर्धं कळतं, ती बोलली त्यातलं अर्धं लिहिण्यासारखं नाही. खोटारड्या, दाढी पिकली तरी अक्कल नाही, माझ्या भावासारखं मलाही रस्त्यात पालथं घालायचं होतं का, आणि पोटात गोष्ट ठेवून चोर म्हणवून घेतलंस, तोंडाला कुलूप लागलं होतं का? चाचा मान खाली घालून 'हौ अव्वा, हौ अव्वा' करत होता. मध्येच तिला ठसका लागला, तर हाच धावत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. पाणी प्याली आणि परत सुरू.

शेवटी दमली. म्हणाली, "उद्या अमावास्या. सकाळी गाडी काढ."

"जी, अव्वा."

"आनि मिस्त्री, त्यात खरी स्प्रिंग घाल. किती जोरात न्हेतोय ते आता मला दिसू दे."

गाळ्यावरच्या जुन्या मालातनं त्या मापाची बारीक स्प्रिंग शोधून मी त्याच दिवशी घातली. उस्तादांची स्प्रिंग धाकट्या मालकानं मागून घेतली, वडिलांची म्हणून. पुढं गाडी मुंबईला गेली आणि तिथं परीक्षकांनी काय ठरवलं, ते मी विचारलं नाही. माझ्या लेखी निकाल त्या अंगणात लागला होता.

पण चाचा माझ्याशी त्यानंतर बोलला नाही. त्या दिवशी फाटकातनं बाहेर पडताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यानं तो उचलून बाजूला केला. रागानं नाही, बाहीवरचं झुरळ झटकावं तसं. म्हणाला, "शेठ कू मैं जबान दिया था. तूने तोडी." मी म्हणालो, "तुमची नोकरी राहिली, नाव राहिलं." तो म्हणाला, "मैं बोला था तेरेकू बचा करके?"

मी माफी मागितली नाही. कशाची मागायची? गाडीचं काही निघालं तर तो माझ्याच गाळ्यासमोर आणून उभी करायचा, पण खाली उतरायचा नाही. समोर रस्त्याकडे बघत बसायचा. मी बाहेर यायचो, खिडकीतनं हात घालून काम करायचो, झालं की टपावर थाप मारायचो. तो गिअर टाकायचा. एकदा कडक उन्हात मी चहा सांगितला आणि कप खिडकीत धरला. "पीके आयाऊं," म्हणाला, समोरच बघत. मी तो त्याच्यादेखत पिऊन टाकला.

इकडं माझ्याकडे मात्र कुठनं कुठनं ड्रायव्हर यायला लागले. अक्कलकोटचे, बार्शीचे, लातूरचेसुद्धा. कुणी पाठवलं विचारलं की म्हणायचे, चाचानं. मीटरचं काम असेल तर तिथंच जा, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. त्यातल्या एकानं एकदा मला विचारलं, "तुमचं नि चाचाचं भांडण हाय म्हणत्यात?"

"भांडण कशाचं? त्याच्या जागी त्यो बरोबर हाय."

"आनि तुमी?"

"मी पन बरोबर हाय की. म्हणून तर मिटत न्हाय."